सोमवारची गोळी

आक्का, तुमचं सगळं रीतसर पार पडलं. भावकी आली, पाहुणे आले, तेराव्याच्या पंगती उठल्या आणि जाता जाता जो तो म्हणाला, घराची लक्ष्मी होती. मी दारात उभी राहून मान हलवत होते. मनात म्हणत होते, लक्ष्मी म्हणजे काय, तर कधी खाली बसली नाही ती. तुम्ही ऐकलं असतंत तर तोंडाला पदर लावून हसला असता आणि वर मलाच दटावलं असतंत, "गप गं, मानसं हायत."

इतके दिवस गप्पच होते. पण गावच्या बालवाडीत पोरांना गाणी शिकवणारी, घरात सगळ्यांत जास्त तोंड चालवणारी ही तुमची धाकटी जाऊ गप्प तरी किती राहणार? आबा बोलत नाहीत. बायको गेल्यापासून ते गोठ्यातच असतात, बैलांच्या अंगावरून हात फिरवत. आत्याबाई बोलतात, पण सासूशी जे बोलता येतं ते मला बोलायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि नेमक्या तुम्हीच नाही.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर तुमची शकू माजघरात आली. आठवीतली पोर, पण त्या दिवशी तुमचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, कपाळ मोकळं. म्हणाली, "आईचं सोमवार आता मी धरनार. शनिवारबी. अर्धं टाकायचं नसतंय." आत्याबाईंनी तिला पोटाशी धरलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाल्या, "आईची लेक शोभतीस गं बाई." मी परातीत पीठ मळत होते. हात तसाच पिठात राहिला. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, पण घाबरले नव्हते. त्या क्षणी मात्र मला खरंच भीती वाटली.

आज सोमवार होता. आज काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण माझं कधी सरळ सुरू होतं का? आधी मागचं बोलू दे. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

तुमचं डोकं दुखायचं. मान धरायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि तुम्ही कपाळाला सुंठ उगाळून लावून भाकऱ्या थापत बसायच्या. गुऱ्हाळ चालू होतं त्या दिवसांत गड्यांच्या भाकऱ्यांची दुरडी भरता भरता तुमच्या नाकातून रक्त आलं आणि पिठात पडलं. तुम्ही तेवढं पीठ बाजूला काढलं, नाक धुतलं आणि पुढची भाकरी घेतली. मी आरडाओरडा केला म्हणून आबा जागचे हलले. दुसऱ्या दिवशी आपण दोघी इस्लामपूरला जाऊन तिथून एस.टी.नं सांगलीला गेलो. सांगली माझं माहेर, म्हणून मला बरोबर धाडलं.

डॉक्टरांनी तुमच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे बघितलं, परत फुगवला. मग विचारलं, "किती वाजता जेवता?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जणू ते काहीतरी आडवळणाचं विचारताहेत. "जेवते की. समद्यांचं झालं की."

"म्हणजे किती वाजता?"

"समद्यांचं झालं की," तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत, जरा मोठ्यानं, त्यांना कमी ऐकू येत असावं म्हणून.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी कपाळाला हात लावला नाही. रक्ताचा दाब फार वाढलाय, एक गोळी देतो, रोज जेवणानंतर घ्यायची, चुकवायची नाही, असं सांगितलं. आणि म्हणाले, नुसत्या गोळीनं भागायचं नाही. मीठ कमी करा. जेवण वेळेवर. दुपारी थोडं आडवं व्हा. संध्याकाळी मोकळ्या हवेत चाला, पण हातात काही काम न घेता. चार माणसांत हसा-बोला. आणि मनाला त्रास करून घेऊ नका.

परतीच्या एस.टी.त तुम्ही खिडकीपाशी बसून हे सगळं घोळवत होता. मध्येच मला कोपर मारून म्हणालात, "मनाला तरास करून घ्यायचा न्हाई म्हनं. मग मन कशाला दिलंय गं देवानं?" आणि इतक्या हसलात की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं. तुमचं ते हसू मला आत्ताही ऐकू येतं. आणि लगेच रागही येतो, की एवढं हसता येत होतं, मग ते घरात का नाही आणलंत?

घरात येऊन आपण डॉक्टरांचं एकेक सांगणं वापरून बघितलं. मीठ आधी. सगळ्यांच्या आमटीत मीठ घालायच्या आधी तुमची वाटीभर काढून ठेवायची, असं मी ठरवलं. आत्याबाईंनी ती वाटी बघितली आणि म्हणाल्या, "आज वाटी येगळी, उद्या चूल येगळी करा." वाटी गेली. शेवटी जेवायला बसेपर्यंत आमटी उरायचीच नाही हा भाग वेगळा. उरायचा तो खर्डा. मीठ-मिरचीचा खर्डा आणि भाकरी, हे तुमचं पथ्यपाणी.

मग दुपारचं आडवं होणं. तुम्ही एकदाच झालात. आत्याबाई येऊन कपाळाला हात लावून गेल्या, मग शेजारची आली, मग आबा शेतातून आले, "काय झालं गं, ताप हाय का?" म्हणून. दिवसाउजेडी धडधाकट बाई अंथरुणावर दिसली की आपल्याकडे एकतर ती आजारी असते नाहीतर बाळंतीण. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "एवढ्या समद्यांना उत्तरं देन्यापरीस जात्यावर बसलेलं बरं."

राहिलं चालणं. पहिल्या संध्याकाळी तुम्ही पदर खोचून रिकाम्या हातानं बाहेर पडलात. मी सोबत. चावडीपर्यंत जायच्या आत किती जणांनी विचारलं असेल, "कुठं निघालासा?" कुठंच नाही, असं उत्तर आपल्याकडे बाईला देता येत नाही. पुरुष पारावर बसला तर बसला. बाई उगीच हिंडली तर तिला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत होतं. कोपऱ्यावरूनच तुम्ही माघारी वळलात. कान लाल झाले होते.

बायकांना विसावा म्हणजे माहेर. सणाला जावं, चार दिवस आईच्या हातचं आयतं खावं. तुमचं माहेर पाटणच्या वरल्या अंगाला, आणि ते कोयनेच्या पाण्यात गेलेलं. भाऊ कुठल्या कुठं जाऊन वसले. तुम्ही एकदा सहज म्हणाला होता, "मला कुनी जा म्हनलं तरी कुठं जाऊ? पान्यात?"

देवळाची युक्ती तुमचीच. टेकावरच्या महादेवाला निघालोय म्हटलं की वाटेत कुणी अडवत नाही, उलट लोक बाजूला होतात. उसाच्या कडेनं पाऊलवाट, मग थोडा चढ. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं चालणं बरोब्बर व्हायचं. तुम्ही मला डोळा मारून म्हणालात, "डाक्टरचं औशीद म्हादेवाच्या नावावर." तेव्हा मला तुमचं फार कौतुक वाटलं होतं.

आक्का, ते दिवस मला कुणी परत दिले तर मी दुसरं काही मागणार नाही. देवळाच्या पायरीवर आपण बसायचो. खाली सगळा ऊस, लांब नदीची रेघ, एखाद्या गुऱ्हाळाचा धूर. तुम्ही पाय लांब करून बसायच्या. घरात मी तुम्हाला पाय लांब केलेलं कधी बघितलं नव्हतं. तिथंच तुम्ही मला सांगितलंत, की लग्न होऊन आलात तेव्हा तुमचे भावजी, म्हणजे माझा नवरा, एवढासा होता, तुमच्या लुगड्याचा शेव धरून हिंडायचा. आत्याबाईंच्या पाठीमागं सगळं शेत, म्हणून तो तुमच्याच कुशीत वाढला. फौजेत भरती झाला त्या दिवशी आईच्या आधी तुमच्या पाया पडला. "माझं पयलं लेकरू त्योच," तुम्ही म्हणालात, "शकी दुसरी." आणि मग मला चिडवलंत, "तुला दिला, पन उसना दिलाय हां."

गोळी रोज चालू होती. आपण परत सांगलीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी काटा बघितला आणि चक्क हसले. दाब उतरला होता. आपण स्टँडवर भडंग घेतलं. मी म्हटलं, "आक्का, मीठ हाय त्यात." तुम्ही मूठ भरत म्हणालात, "डाक्टर काय एश्टीत बसलाय व्हय?" तेवढ्या एका महिन्यात तुमचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. पुढं कुणी म्हणू नये, की तिचं आयुष्यच तेवढं होतं.

त्याच सुमाराला लढाई सुरू झाली. चावडीवरच्या रेडिओला कान लावून सगळा गाव बसायचा. आपल्या गावात घराआड एक फौजी, त्यामुळं कुणाच्याच घरात धड घास उतरत नव्हता. त्यात एका संध्याकाळी देवळात वाती वळत बसलेल्या गंगूआजीनं तुम्हाला विचारलं, "रोज येतीस बाई. कुनासाठी नवस बोललीयास?"

खरं उत्तर होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पण देवाच्या पायरीवर बसून ते कसं सांगणार? तुम्ही म्हणालात, "भावजींसाठी. सुखरूप घरी येऊ द्यात म्हनून." म्हातारीनं तुमच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

परत येताना तुम्ही माझ्यापुढं झपाझपा चालत सुटलात. मी म्हटलं, "आवं, म्हातारीला गप करायला म्हनलासा, त्यात काय." तुम्ही उसाच्या बांधावर थांबलात. "देवाच्या दारात बोलले मी, कुसुम. खोटं कसं करू? चालायचं निमित्त केलं म्हनून त्यानं भावजीला काय केलं तर?"

पुढच्या सोमवारी तुम्ही उपास धरलात. साधा नाही. लोक संध्याकाळी सोडतात, तुम्ही मंगळवारी सकाळी सोडायच्या, तोही गड्यामाणसांचं झाल्यावर. मधे फक्त चहा, आणि शकूनं फार धरलं तर मूठभर शेंगदाणे. मग मारुतीचा शनिवार आला. मग संकष्टी. आणि त्या पहिल्याच सोमवारी मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले तर तुम्ही हात मागे घेतलात.

"आज न्हाई. आज उपास हाय."

"गोळी म्हंजे काय भाकरी हाय व्हय?"

"जेवल्यावर घ्यायची म्हनला ना डाक्टर? जेवलेच न्हाई, तर कशावर घिऊ?"

तुम्ही अगदी शांतपणे, समजूत घालावी तसं सांगितलंत. तुमच्या मते तुम्ही डॉक्टरांचंच ऐकत होता. मी हुज्जत घातली. रागावले, रुसले. शेवटी टेकावर जाऊन गुरवाला विचारून आले. तो म्हणाला, औषधानं उपास मोडत नाही. मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही तांदूळ निवडत होता, मान वर केली नाहीत. म्हणालात, "मी काय गुरवाला बोलले न्हाई."

हे आपलं भांडण. ते तिथून सुरू झालं आणि मिटलंच नाही.

लढाई संपली. तुमचे भावजी रजेवर आले, धडधाकट, उलट अंगानं भरून. गावानं त्यांना पारावर बसवलं, लोक मागे लागले, सांगा लढाईचं. ते हसायचे आणि विषय बदलायचे. तुम्ही पुरणपोळ्या केल्या. मी म्हटलं, झालं ना आता, आले ना सुखरूप, उद्यापन करा आणि सोडा सगळं. तुम्ही म्हणालात, "आला कुठं? सुटीवर आलाय. पेन्शन घिऊन घरी बसंल तवा आला म्हनायचं." म्हणजे अजून कितीतरी वर्षं. मी त्या दिवशी भांडी आपटली ती तुम्हाला आठवत असतील. एक परात अजून चेपलेली आहे.

डोकं परत दुखायला लागलं. देवळापर्यंतचा चढ आता तुम्ही उपाशीपोटी चढायच्या, मधे दोनदा बसायच्या, आणि पायरीवर पाय लांब करायचं बंद झालं होतं. तिथं आता हात जोडून बसायचं होतं. गप्पाही संपल्या. जे चालणं तुमचं औषध होतं तेच आणखी एक काम झालं, आणि सगळ्या कामांसारखं तुम्ही ते मन लावून केलंत. मला तुमचा संताप यायचा, आक्का. अजून येतो.

शेवटच्या सोमवारचं बोलणं सांगते. तुम्हाला चुलीपुढून उठताना झोकांडी गेली. मी तुम्हाला धरलं आणि माझं तोंड सुटलं. म्हटलं, "तुमच्या उपाशी ऱ्हान्यानं गोळ्या लागायच्या थांबत्यात व्हय? असं असतं तर गावात एक फौजी मेला नसता." तुम्ही माझा हात सोडवलात. कधी नव्हे ते तुमचा आवाज चढला. "तुझंच कुक्कू हाय ते. तुला त्याची किंमत नसंल, मला हाय."

हे मला लागलं. मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्ही माझ्याशी. मंगळवारी सकाळी तुम्ही भाकऱ्या थापल्यात, गड्यांचं झालं, आबांचं झालं, आत्याबाईंचं झालं. शकू शाळेला गेली. मग तुम्ही ताट घेऊन बसायला म्हणून वळलात आणि तशाच भिंतीला घसरत खाली आलात. ताट घरंगळत माझ्या पायाशी आलं. त्यात अजून काही वाढलेलं नव्हतं.

मिरजेला नेईपर्यंत तुमची उजवी बाजू गेली होती आणि तोंड वाकडं झालं होतं. जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात तुम्ही डावा हात उचलून पुन्हा पुन्हा तोंडाकडे नेत होता, माझ्याकडे बघत. नर्सनं सांगितलं होतं, तोंडानं काही द्यायचं नाही. मी नुसती हात धरून बसले. तुम्ही खायला मागत होता, की गोळी मागत होता, की कालचं बोलणं मागे घेत होता, मला कधीच कळणार नाही. मागे घ्यायचं काही नव्हतं. मला फक्त एवढं सांगायचं होतं, की मला किंमत आहे. त्याचीही आणि तुमचीही. तुमची जरा जास्तच होती. ते तुम्हाला ऐकू गेलं नाही.

तुमचे भावजी तार मिळाल्यावर निघाले, तरी अग्नी दिल्यावरच पोचले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. आबा म्हणाले, शकीचं लगीन करीन. आत्याबाई म्हणाल्या, घर सांभाळू. तरी नाही. मग हे पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "वैनी, मी आलोय." तेव्हा शिवला. सगळे म्हणाले, बघा, जीव त्याच्यात अडकला होता. यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, रडताहेत.

तेराव्याला शकूचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याच्या मागे कडबा रचलाय तिथं ते एकटेच बसलेले मला सापडले. मी गेले तर म्हणाले, "कुसुम, मी लढाईत नव्हतोच."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. लढाई सुरू व्हायच्या आधीच त्यांची बदली रेशनच्या गोदामावर झाली होती, सीमेपासून लय लांब. तांदळाची, डाळीची पोती उतरून घ्यायची, चढवून द्यायची. गोळीचा आवाजसुद्धा त्यांनी ऐकला नव्हता. रोज तीन वेळचं गरम जेवण होतं. अजूनही तिथंच आहेत.

"मग घरी का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? शेजारचा पोरगा लढाईत पाय देऊन आला, आणि मी डाळ मोजतोय म्हनून? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली असती का?" मग त्यांनी कडब्याची एक काडी मोडली. शेवटी म्हणाले, "वैनी उपाशी ऱ्हात हुती हे मला कुनी कळवलं न्हाई."

आपण कळवलं नव्हतं हे खरं. तुम्हीच शपथ घातली होती, त्याच्या जिवाला घोर नको म्हणून. त्यांनी लाजेपायी सांगितलं नाही, तुम्ही मायेपायी सांगितलं नाहीत. ते तिकडे जेवत होते आणि तुम्ही इकडे त्यांच्यासाठी उपाशी. मी कडब्याच्या पेंडीवर बसले आणि मला हसू आलं, आक्का. फार वाईट हसू. ते माझ्याकडे बघतच राहिले.

आता आजचं.

सकाळी शकू न्हाऊन आली, ओले केस सोडून देव्हाऱ्यासमोर बसली. चहासुद्धा घेतला नाही. आत्याबाई तिच्या हातात बेल देत म्हणाल्या, "तुझ्या आईच्या पुन्याईनं चुलता वाचला. आता तू राखायचं." पोरीचं तोंड असं झालं होतं, जणू चुलत्याचा जीव तिच्या हातात दिलाय आणि तो खाली पडता कामा नये. तुमचं तोंड असंच व्हायचं. तीच कपाळावरची आठी, भुवईच्या वर.

मी चुलीपुढून उठले. हे बाहेरच्या सोप्यात पान जुळवत बसले होते, आबा शेजारी. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सांगा तिला."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. त्यांच्या डोळ्यांत इतकी गयावया मी कधी बघितली नव्हती. मला दया आली, पण मी तिथून हलले नाही. "मी सांगू का तुमी सांगताय?"

ते उठून आत आले, पुतणीसमोर खाली बसले. "शके, तुझी आई माझ्यासाठी उपाशी ऱ्हायली, पन मी लढाईत नव्हतो. गोदामात हुतो. जेवत हुतो तिन्ही वेळेला. मला काय धोका नव्हता."

आबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी धाकट्या भावाकडे एकदा बघितलं आणि मग जमिनीकडे. आत्याबाईंनी बेलाची पानं हातातच चुरली. "मग ती... कशापायी..." एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. आक्का, ती म्हातारी मला इतकी लहान कधी दिसली नव्हती. तिचाही राग धरून ठेवावा असं मी ठरवलं होतं, ते जमेना.

शकू चुलत्याला म्हणाली, "मग आईला का न्हाई सांगितलं?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ते म्हणताना ऐकलं, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हता.

ते उठून सोप्यात गेले, मागोमाग आबाही. मी शकूचा हात धरून तिला चुलीपाशी आणलं. दोन पाट मांडले. अजून पुरुषांची ताटं व्हायची होती, पण ती कुणी मागायच्या आधीच मी आमच्या दोघींची वाढून घेतली. गरम भाकरी, आमटी, आमटीत मीठ जरा कमीच. शकू ताटाकडे बघत बसली. म्हणाली, "काकी, आईला राग येईल."

मी म्हटलं, "येऊ दे. मी भांडीन तिच्याशी. मला सवय हाय."

तरी तिचा हात पुढं होईना. मग मी पहिला घास घेतला. मला वाटलं होतं मी रागानं जेवेन, तर डोळ्यांतून पाणीच थांबेना. ते बघून तिनं भाकरी मोडली. एक घास, मग दुसरा. भुकेली होती पोर. तेराव्यापासून नीट जेवलीच नव्हती, ते आम्हाला कुणाला दिसलं नव्हतं. तिनं आणखी आमटी मागितली.

तेवढ्यात आबा आत आले, त्यांच्या मागे तुमचे भावजी. नेहमीच्या जेवायच्या वेळेला आले होते. पाटांकडे बघून दोघं उंबऱ्यातच थांबले.

मी म्हटलं, "बसा जरा भाईर. आमचं जेवान चाललंय."